मोटारीची खांदशेकणी

आमच्या उत्तमला मोटारीची मुळीच हौस नव्हती, आणि मला तर तिचा आवाजही खपत नसे. पण कोकिळेच्या सासरहून निरोप आला, की यापुढं पोरगी माहेरी जाईल तर मोटारीतून जाईल, बैलांच्या दमणीतून नाही. मग उत्तमनं खामगावच्या एका कापूसवाल्याची वापरलेली मोटार घेतली. सुलतानपूरच्या आमच्या गोठ्याशेजारच्या पडवीत, जिथं एवढी वर्षं दमणी उभी असायची, तिथं ही काळी बया ऐटीत येऊन बसली. दमणी गेली परसात, कडब्याच्या गंजीमागं.

उत्तम माझा धाकटा भाऊ. कोकिळा त्याची एकुलती एक लेक. ती रांगत होती तेव्हाच तिची आई गेली. मी त्याआधीच पांढऱ्या कपाळानं भावाच्या घरी आले होते, त्यामुळं तिला न्हाऊमाखू घातलं ते मीच. मला आत्या म्हणायची, पण हट्ट आईकडं करावेत तसे करायची. माझ्याकडं जे हट्ट चालत नसत, ते घेऊन ती पुंजाजीकडं जायची.

पुंजाजी आमच्या दमणीचा गाडीवान. कोकिळेला लोणारच्या जत्रेला त्यानं नेलं, मेहकरच्या शाळेत त्यानं पोचवलं, आणि लग्न होऊन ती बुलढाण्याला गेली तेव्हा तिला आणायला मुराळी म्हणून दर सणाला तोच जायचा. त्याची एक खोड होती. बैलांना रस्ता ठाऊक झाला, की हा कासरा हातात धरून बसल्या बसल्या खुशाल झोपायचा. कोकिळा मागून त्याच्या पागोट्यात कडब्याच्या काड्या खोचायची. मेहकर येईपर्यंत त्याच्या डोक्यावर अर्धी पेंढी उभी असायची, तरी गड्याला पत्ता नसे.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीला तो तिला घेऊन येत होता. तिला पाचवा महिना होता. चिखली सोडल्यावर एक नाला लागतो, त्याच्या उतारावर पुंजाजीचा डोळा लागलेला होता. चाक खड्ड्यात गेलं आणि दमणीला जोराचा हिसका बसला. मेहकरपर्यंत कशीबशी आली, पण मूल राहिलं नाही. सासरचे तिला मेहकरहूनच परत घेऊन गेले. त्यांनी दमणीला बोल लावला. पुंजाजीनं स्वतःला लावला. उत्तम त्याला एका शब्दानंही बोलला नाही, आणि मला विचाराल तर तेच वाईट झालं. चार शिव्या घातल्या असत्या तर म्हातारा रडून मोकळा तरी झाला असता.

तेव्हापासून पुंजाजी गाडीवर बसला नाही. बैलांचं सगळं करायचा, शेण काढायचा, पाणी दाखवायचा, पण कासरा हातात घेईना. झोप तर त्याची गेलीच. दुपारी सगळं घर कलंडलं तरी हा गोठ्याच्या उंबऱ्यावर ताठ बसलेला. डोळा मिटायला लागला की दचकून उठायचा आणि इकडंतिकडं बघायचा. मला ते बघवत नसे. 

यंदा कोकिळेला पुन्हा दिवस होते. आठवा चालू होता. विहीणबाई पुष्पाबाईंनी सांगून धाडलं, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मोटार पाठवा; त्यानंतर चारच दिवसांत नववा लागतो, आणि नवव्यात आम्ही सून उंबऱ्याबाहेर काढत नाही. हे बाळंतपण माझ्या हातांखाली व्हावं, यापलीकडं त्या वर्षी मला देवाकडं काही मागायचं नव्हतं. पहिल्या खेपेला ती मेहकरात परक्या बाईच्या खाटेवर पडून कण्हत होती आणि मी इथं करंज्या तळत बसले होते. ते माझ्या काळजात अजून रुतलेलं होतं.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल कुपनावर मिळायचं. मोटारीच्या तेलाचे डबे तर बाजारातून नाहीसेच झाले होते. जे यायचं ते पलटणीला जायचं. आमची मोटार चालवायचा हबीब, गावातल्याच सुगराबीचा मुलगा, खामगावला मिस्त्रीच्या हाताखाली शिकून आलेला. त्यानं महिनाभर मोटार हलवली नाही, पेट्रोल जपून ठेवलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यानं इंजिनातलं जुनं तेल काढलं आणि घरातला शेवटचा डबा फोडून नवं ओतलं. पुंजाजी शेजारी उभा राहून बघत होता. एरवी तो मोटारीकडं पाठ करून जायचा, म्हणून माझ्या ते ध्यानात राहिलं.

त्या संध्याकाळी खांदशेकणी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून कातडं घट्ट झालेलं असतं, त्याला पळसाच्या पानानं ऊन ऊन तूप-हळद लावायची, आणि उद्या जेवायला या म्हणून बैलांना आवतण द्यायचं. पोळ्याच्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवायचं नाही. पुंजाजीनं चारी बैलांचे खांदे शेकले. मग वाटी हातात घेऊन तो मोटारीपाशी गेला आणि तिच्या पुढच्या दोन्ही चाकांवरच्या पत्र्याला हळद-तूप लावू लागला.

मी चुलीपुढून पाहत होते. मला हसू आलं. म्हटलं, "पुंजाजी, इचा खांदा सापडला का तुमाले?"

"कुठीतरी असंनच बाई," तो म्हणाला. "इतकं ओझं वाह्यते." मग खाली वाकून मोटारीच्या कानाशी बोलावं तसा पुटपुटला, "परवाच्याले आपली कोकी आनाची हाये. सांभाळून आनजो माय."

माझं हसू तिथंच थांबलं. थोड्या वेळानं तो दाराशी आला आणि वंगणाला एरंडेल मागितलं. घरचं एरंडेल मीच काढते. एरंडी भाजायची, कुटायची, पाण्यात उकळायची, आणि वर आलेलं तेल अलगद काढून घ्यायचं. पोरांचं पोट, बायांचे गुडघे, गाड्यांचे आस, सगळं त्यावरच चालतं. सणाच्या आधी गाड्यांच्या चाकांना वंगण द्यायची रीतच आहे, म्हणून मी भरलेली बाटली त्याच्या हातात ठेवली.

पोळ्याच्या सकाळी हबीबनं मोटार चालू करून पाहिली. उद्या निघायचं होतं. इंजिन जरा वेळ धडधडलं आणि मागून पांढरट धूर येऊ लागला. सारं अंगण एरंडेलाच्या वासानं भरलं. हबीबनं घाईनं मोटार बंद केली, तेल बघायचा गज ओढून काढला, नाकाशी नेला आणि माझ्याकडं पाहिलं.

"आत्याबाई, ह्यात एरंडी कोनं टाकली?"

उत्तम ओट्यावरून खाली आला. बैलांची शिंगं रंगवता रंगवता पुंजाजी रंगाची वाटी घेऊन पुढं झाला. लपवाछपवी त्याच्या स्वभावात नव्हती, आणि आपण काही वावगं केलं असं त्याला वाटतही नव्हतं.

"म्या टाकली. बैलाचे खांदे शेकले, चाकाले वंगन देल्लं. मंग हिलेच काऊन उपाशी ठेवाव? हबीब जिथून ओतते तिथूनच ओतलं. थेंब सांडू देल्ला नाई."

हबीबनं डोक्याला हात लावला. "काका, थे तेल येगळं, हे येगळं. दोन्ही एका जागी आले का इंजनात डिंक होते. खामगावात एकानं असंच केलं होतं. घाटात इंजन असं धरलं का मंग हललंच नाई."

उत्तमचा चेहरा उतरला. तो मोटारीकडं बघत राहिला, मग पुंजाजीकडं. "दमनीत एक गेलं," तो म्हणाला, "आता हिच्यात..." आणि थांबला. पण व्हायचं ते झालं होतं. दोन वर्षं जे बोलला नाही ते नेमकं सणाच्या सकाळी बोलला. पुंजाजीनं रंगाची वाटी खाली ठेवली, हात धोतराला पुसले आणि परसाकडं निघून गेला. एक बैल एका शिंगानं लाल आणि एका शिंगानं तसाच उभा राहिला.

"उत्तम," मी म्हटलं, "पोरगी येवो का न येवो, थ्या मानसाले तू आज मारलं पाह्य."

 त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझा भाऊ रडला की मला त्याच्यावर रागावता येत नाही, तेवढं एक वाईट आहे.

हबीब मोटारीखाली शिरला आणि बूच काढून सगळं तेल घमेल्यात सोडलं. नासलेल्या दुधासारखी त्याची दशा झाली होती, कुठं काळं, कुठं पिवळट, मध्ये चिकट तारा. मी म्हटलं, हे निवळून वरचं काढून घेता येणार नाही का? नाही म्हणाला. दुसरा डबा? मेहकरात मोटारवाल्यांकडं महिन्यापासून नाही, खामगावला मिळाला तरी परवान्यावर, आणि परवाना काही उद्याच्या आत हातात पडत नाही. तो तिथंच मातीत बसून राहिला. मग घमेल्याकडं बघत म्हणाला, "आमचा बुढा मिस्त्री एक गोष्ट सांगे. शर्यतीच्या मोटारी म्हने निऱ्या एरंडीच्याच तेलावर पयतात. दुसऱ्या तेलाचा थेंब नाई पाह्यजे, बस. म्या काई करून नाई पाह्यलं आत्याबाई. खोटं काऊन बोलू."

"एरंडेल लागते किती?"

त्यानं हातानं घागरीएवढा आकार दाखवला. "आन् त्याच्यात पानी नाई पाह्यजे. बिलकुल नाई."

एरंडेलातलं पाणी काढणं हे तर माझं काम. मी उठले आणि परसात गेले. कडब्याच्या गंजीमागं दमणीच्या जुवाला टेकून पुंजाजी बसला होता. 

"उठा," मी म्हटलं. "तुमी टाकलं तेवढं एरंडेल पुरलं नाई. आनखी लागते."

"बाई, थट्टा नोका करू. आज नोका करू."

"थट्टा कराले मले येळ नाई. ही चरवी घ्या आन् घरोघर जा. आज सगळ्याइच्या घरी वंगनाचं एरंडेल असते. सांगा, कोकीले आनाले पाह्यजे."

 त्यानं चरवी घेतली. पोळ्याच्या दिवशी गावभर बैल सजत होते आणि हा म्हातारा दारोदार एरंडेल मागत फिरत होता. कुणी वाटीभर दिलं, कुणी बाटलीच्या तळाचं दिलं. सुगराबीनं गुडघ्यांना लावायला ठेवलेली अख्खी बरणी उपडी केली. वर म्हणाली, कोकीचं पोरगं झालं का मंग त्याच्या पायानं माहे गुडघे तुडवून घेईन.

मोठ्या कढईत मी ते सगळं चढवलं. तेलात पाणी असलं की ते तडतडतं. तडतड पूर्ण थांबेपर्यंत मी चुलीपुढून हलले नाही. पुरणाला उत्तमनं दुसरी बाई बसवली आणि स्वतः माझ्याजवळ जळण सारत राहिला. मग जुन्या धोतरातून तेल गाळलं. तिकडं हबीबनं घासलेट घालून इंजिन धुतलं, पुन्हा धुतलं, आणि दिवेलागणीला पोळा फुटून बैल घरी आले तेव्हा मोटारीच्या पोटात निखळ गावचं एरंडेल होतं. पुंजाजीनं बैलांना पुरणपोळी खाऊ घातली. स्वतः जेवला नाही.

सकाळी निघताना उत्तम म्हणाला, "बाई, तू जाय. मी आलो तं पोरीले मांगं आडवं व्हाले जागा राहनार नाई." मग पुंजाजीपुढं जाऊन उभा राहिला. उरलेल्या तेलाची चरवी उचलून त्याच्या हातात दिली. "रस्त्यात तेल कमी झालं तं हबीबले कोन देईन? तुमी बसा त्याच्यापाशी."

"मी नाई बसत, उत्तमभाऊ."

"मुराळी कोन जाईन मंग?"

पुंजाजी मोटारीत बसला, चरवी मांडीवर घेऊन, पाठ न टेकता.

मोटार चालली. सुरुवातीला प्रत्येक आवाजाला माझा जीव वरखाली होत होता. मागं एरंडेलाचा वास ढगासारखा पसरत होता आणि वाटेतली माणसं नाकाला पदर-धोतर लावून बघत होती. हबीब मेहकरात थांबला, गज काढून पाहिला, पुंजाजीनं चरवीतून थोडं ओतलं. थेंबही सांडला नाही. पुढं चिखलीच्या अलीकडचा तो नाला आला. उताराच्या तोंडाशी पुंजाजीनं हबीबच्या दंडाला धरलं.

"थांब. मले उतरू दे."

तो उतरला, चरवी सीटवर ठेवली आणि मोटारीच्या पुढं चालू लागला, बैलाची वेसण धरून उतरावं तसा, एक हात मागं करून. मधूनच वळून खड्डा दाखवायचा.  त्या म्हाताऱ्याच्या मागून मोटार पावलापावलानं नाला उतरली आणि चढली. मी मागं बसून पदरानं डोळे पुसत होते. त्यानं वर येऊन पुन्हा चरवी मांडीवर घेतली.

बुलढाण्याला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मोटार विहीणबाईंच्या दारापासून दोन घरं अलीकडं असेल, तेवढ्यात माझी कोकिळा पोट सांभाळत दारात आली. डोक्यावर पदर धड नाही, हाताला पीठ. मागून पुष्पाबाई "अवो सूनबाई, हळू" करत होत्या. कोकिळेनं रस्त्यावर पाहिलं, मोटार दिसली, आणि तिचं तोंड एवढंसं झालं.

"आत्या," ती म्हणाली, "मले वाटलं दमनी आली. एरंडीचा वास आला ना."

मग तिला हबीबशेजारी पागोटं दिसलं. पुंजाजी मान खाली घालून चरवीत बघत बसला होता. तिनं मोटारीच्या दारावर पिठाचा हात ठेवला.

"पुंजाकाका, तुमीच आले ना मंग. मी सामान घेते."

त्यानं मान हलवली. वर मात्र पाहिलं नाही.

रीतीप्रमाणे मी तिच्या घरचं पाणीही घेतलं नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी खायचं-प्यायचं नाही, हे आमच्याकडं पाळतात. पुष्पाबाईंनी पोरीची ओटी भरली, मोटारीचा वास बघून नाक मुरडलं, पण पाठवलं. चिखली मागं पडली तेव्हा कोकिळा माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. नाला जवळ आला तशी हबीबनं मोटार थांबवली. पुंजाजी पुन्हा उतरायला निघाला.

"काका, बसा," ती म्हणाली.

"उतरू दे माय. मांगच्या खेपीले माहा डोया लागला होता इथी. मीच..."

कोकिळा माझ्या मांडीवरून उठून बसली. "काका, मले तं बुलढान्यातूनच दुखत होतं. दमनीत बसाच्या आंदीपासून. मी कोनाले सांगतलं नाई. सांगतलं असतं तं सासूबाईनं पाठवलं नसतं, आन् मले आत्यापाशी याचं होतं." ती पुढच्या सीटकडं सरकली. "नाल्यापाशी चाक गेलं तवा मी आंदीच सगळं समजून बसली होती. तुमचं काई चुकलं नाई. हे तुमाले सांगाले मले दोन वरसं कोनी घरी येऊ देल्लं नाई."

मी तिला जवळ ओढलं.  इतके दिवस ही पोर एकटीच ते घेऊन बसली होती, आणि इकडं हा म्हातारा एकटाच दुसरं घेऊन बसला होता.

 पुंजाजीनं मोटारीच्या दारावरचा हात काढला आणि चरवीवर ठेवला.

"चाल बे, हबीब," तो म्हणाला. "डाव्या अंगानं घेजो."

हबीबनं डाव्या अंगानं घेतली. नाला गेला. मेहकर आलं, तिथं तेल बघायला हबीबनं मोटार बंद केली आणि मागं वळून तोंडावर बोट ठेवलं. पुंजाजीची मान एका बाजूला कलली होती. पागोटं घसरलं होतं, तोंड थोडं उघडं होतं, आणि हात चरवीभोवती तसेच होते. कोकिळेनं वाकून सीटखालून कडब्याची एक काडी शोधून काढली, त्याच्या पागोट्यात खोचली, आणि पुन्हा माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. हबीबनं चरवी हळूच सोडवून घेतली, तेल घातलं, आणि आम्ही सुलतानपूरच्या वाटेला लागलो.

दारात उत्तम कंदील घेऊन उभा होता. त्यानं आधी पोरीला पाहिलं, मग पुढच्या सीटकडं पाहिलं.

"उठवू नोको त्याईले," तो मला म्हणाला. "झोपू दे."